मावशींची चाळीस पावलं

कार्यशाळेला येताना प्रत्येकाने आपल्या कामातला एखादा खरा प्रश्न घेऊन यायचा होता. ग्रंथपालबाईंनी मावशींचे गुडघे आणले. मावशी म्हणजे त्यांच्या ग्रंथालयातल्या जुन्या शिपाई. मागच्या कोठारातून वाचनाच्या खोलीत पुस्तकं वाहून वाहून त्यांच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. कुठलं कपाट कुठे हलवलं तर त्यांची चाल कमी होईल, एवढंच बाईंना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घ्यायचं होतं.

त्यासाठी त्यांनी आधी आठवडाभर चौघा कर्मचाऱ्यांच्या खिशात पावलं मोजणारी यंत्रं ठेवली होती. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी आकडे पडद्यावर आले. कोठारापासून वाचनाच्या खोलीपर्यंत तिघांची एकशेदहाच्या आसपास पावलं. मावशींची चाळीस. दर खेपेला चाळीस.

कार्यशाळा घेणारे प्राध्यापक हसून म्हणाले, यंत्र बिघडलं असेल, ती ओळ गाळा. बाईंनी गाळली. तरी प्रोग्रॅमचं उत्तर बदलेना. कपाटं आहेत तिथेच राहू द्या, सगळ्यांनी मावशींच्या वाटेने जावं. नकाशावर त्याने रेघही ओढली होती. अंगणाला वळसा न घालता ती कोठाराच्या भिंतीतून आरपार गेली होती.

तिसऱ्या दिवशीचं सत्र दुपारी होतं. बाई सकाळीच ग्रंथालयात गेल्या, भिंत ठोकून पाहिली. भरीव, गार, कुठे पोपडासुद्धा सुटलेला नाही.

"मावशी, तुम्ही जाता तरी कुठून?"

"सरळ जाते." मावशींनी गठ्ठा काखेत मारला. "या माझ्या मागून. बोलू नका तेवढं."

बाईंनी एक यंत्र खिशात टाकलं आणि निघाल्या. पुढे चपलांची फटफट. कोऱ्या कागदाचा वास. कानांत दडे बसले.

मग ऊन.

समोर वाचनाच्या खोलीतलं लांब टेबल, पेपर चाळणारे दोन म्हातारे.

खिशातलं यंत्र चाळीस दाखवत होतं. मधलं काहीच आठवेना, पण भीती अशी वाटलीच नाही. उलट गाढ झोप झाल्यासारखं अंग हलकं झालं होतं. कौतुकाने बाईंनी आणखी पाच खेपा केल्या.

दुपारी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे काही हलवायची गरज नाही, मावशी खुशीत आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी नवऱ्याने चहाचं आधण ठेवलं. आज फार टवटवीत दिसतेस, म्हणाला. बाई समाधानाने खुर्चीत टेकल्या आणि सहज त्यांनी आकड्यांचा संपूर्ण तक्ता उघडला. त्यात खेपांचे जाणं आणि येणं असे दोन रकाने होते. तिघांचे दोन्ही आकडे सारखे.

मावशींचं जाणं दोनशे बारा. येणं शून्य.

खाली आजची नवी ओळ होती, बाईंच्या नावाची. जाणं सहा.

पुढचा रकाना कोरा होता.