आगळाचा डाग

"टायरमधली हवा काढायची," सार्थक म्हणाला. "रोज सकाळी, महिनाभर. मग बघू कसा पळवतो स्कूटर."

"पण कोणाच्या टायरमधली?" स्वप्नालीने विचारलं. "कोणी उडवलं ते आधी कळू दे तरी."

मिनल गच्चीच्या कठड्याला टेकून बसली होती. रडायचं नाही असं तिने पक्कं ठरवलं होतं. तिला बदला घ्यायचा होता. मे महिन्याची सुट्टी, तेरा वर्षांचं वय आणि डोक्यात एकच गोष्ट: दाजींना पाडणाऱ्याला शोधायचं आणि चारचौघांत नाक घासायला लावायचं. दुसऱ्या मजल्यावरची स्वप्नाली आणि दहा वर्षांचा चुलतभाऊ सार्थक हे तिचे दोन साथीदार. सार्थकला बदला म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं, पण हवा सोडायला तो एका पायावर तयार होता.

दाजी म्हणजे मिनलचे आजोबा. घरीदारी सगळे त्यांना दाजीच म्हणत. मंगळवारी दुपारी ते केबिन रोडजवळ राहणाऱ्या सुलूआत्याकडून कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन येत होते. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा लालभडक रस. गावाहून कोणी आलं की आत्याकडे तो यायचाच. बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक स्कूटर त्यांच्या अंगावर आली. दाजी पडले, बाटली फुटली, उजवं मनगट मोडलं. उन्हाने डोळे दिपले होते, त्यामुळे चालवणारा कोण ते त्यांना दिसलं नाही, पण स्कूटर होती हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं.

ऐकतो कोण! त्यांना रिक्षात घालून घरी आणलं होतं सोसायटीच्या सेक्रेटरींनी, आत्माराम काकांनी. काका म्हणाले, "स्कूटरबिटर काही नव्हती. मी चालत येत होतो ना मागून, माझ्या डोळ्यांनी बघितलं. चक्कर आली त्यांना."

गेल्या वर्षी दाजींना एकदा खरंच चक्कर आली होती. मग काय, सगळ्यांनी काकांचंच खरं मानलं. मम्मीने त्यांना चहा दिला, घरचे लाडू दिले, जाईपर्यंत आभार मानले. पप्पांनी ठरवून टाकलं की येत्या रविवारी दाजींना गुहागरला गावी नेऊन सोडायचं; इथल्या गर्दीत त्यांचं काही खरं नाही. दाजी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी खिडकीत बसून मिनलला म्हणाले, "चक्करच आली असंल गो मला. म्हातारा झालो." ज्या माणसाने तिला पाढे शिकवले, तो माणूस आता स्वतःच्याच आठवणीवर विश्वास ठेवत नव्हता. तेव्हापासून मिनलचा जीव थाऱ्यावर नव्हता.

धागा सापडला तो शुक्रवारी संध्याकाळी, आणि तोही न्हाणीघरात.

दवाखान्याच्या धावपळीत दाजींचा पांढरा सदरा बोळा होऊन पडला होता. मम्मीने तो धुवायला काढला आणि डागांवर खसाखसा साबण चोळला. मम्मीचं माहेर घाटावरचं, तिला आगळाची खोड कुठून ठाऊक असणार? बघता बघता लाल डाग निळसर काळे पडले. नेमकी तेव्हाच सुलूआत्या भावाकडे आली होती. तिने कपाळावर हात मारला.

"अगो वहिनी, आगळाला कोणी आधी साबण लावतं? लिंबू आण बघू."

आत्याने अर्धं लिंबू डागावर पिळलं. निळसर काळा डाग त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा लाल झाला. सार्थकला ही जादू वाटली. जादू कसली, आत्या म्हणाली, साबणाने रंग पालटतो आणि आंबटाने परत येतो, आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं.

पण मिनल तिथे होतीच कुठे? ती तीन मजले उतरून पार्किंगमध्ये पोचली होती, कारण असाच निळसर काळा डाग तिने कालच पाहिला होता. आत्माराम काकांच्या स्कूटरवर! हंसाबेनने, म्हणजे काकांच्या बायकोने, सीटला टॉवेलच्या कापडाचं पांढरंशुभ्र कव्हर शिवलं होतं. त्याच्या डाव्या बाजूला, साबणाने घासूनही न गेलेला, तसाच वीतभर डाग होता, आणि ब्रेकची दांडी वाकलेली होती.

मागून धापा टाकत आलेल्या स्वप्नालीने डाग बघितला आणि तिला भलतंच आठवलं. काकांचा मुलगा अभिनव, पंधरा वर्षांचा, दहावीच्या क्लासला जाणारा. तो मंगळवारपासून फुल शर्ट घालून फिरत होता, या उकाड्यात.

सार्थक खिशात लिंबू घेऊनच आला होता. मिनलने त्याचा हात धरला.

"आत्ता नाही. आत्ता केलं तर काका उद्या कव्हर फेकून देतील आणि वर आपल्यालाच ओरडतील. माझ्या दाजींना त्यांनी सगळ्यांसमोर खोटं पाडलंय. मलाही सगळेच समोर हवेत."

शनिवारी संध्याकाळी कंपाउंडमध्ये सोसायटीची मीटिंग होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मिनलने सुलूआत्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि दाजींना हात धरून खाली आणलं. समोरच काकांची स्कूटर उभी होती. दर शनिवारी काका तिच्या हँडलला नवी लिंबू-मिरची बांधत. आजचीही सकाळीच बांधलेली होती, टवटवीत.

पाण्याचा विषय झाला, पार्किंगचा झाला. मग काका घसा साफ करून म्हणाले की वयस्कर माणसांना घरच्यांनी एकटं रस्त्यावर सोडू नये, मंगळवारी आपण सगळ्यांनी बघितलंच. सगळ्या माना दाजींकडे वळल्या. दाजींनी खाली बघितलं. मिनलच्या मनात उरलीसुरली दया होती तीही तिथेच संपली.

ती उठून स्कूटरपाशी गेली आणि अगदी गरीब चेहऱ्याने तिने विचारलं, "काका, तुमच्या एवढ्या छान कव्हरवर हा डाग कसला हो?"

"शाईचा. अभिनवचं पेन फुटलं."

"नक्की शाईच ना?"

"अरे, सांगितलं ना! मी स्वतः बघितलं," काका वैतागून म्हणाले. त्यांना सगळंच स्वतः बघायची सवय होती.

मिनलने हँडलचं लिंबू खसकन ओढून काढलं. सार्थकने कंपासमधला कटर पुढे केला. लिंबू कापलं, डागावर पिळलं, अंगठ्याने चोळलं. पहिल्या रांगेतले लोक उठून जवळ आले. निळसर काळा डाग आधी जांभळट झाला, मग लाल.

"हे तर आगळ आहे," सुलूआत्या मोठ्याने म्हणाली. "माझ्या बाटलीतलं."

"आमचे दाजी चक्कर येऊन पडले, आणि काका चालत येत होते," मिनल म्हणाली. "मग बाटलीतलं आगळ तुमच्या स्कूटरवर कसं उडालं, काका?"

काकांनी पुढे येऊन डागावर हात ठेवला. मग म्हणाले की आपण कदाचित स्कूटरवर असू, नीट आठवत नाही. मागून कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात जिन्याजवळ उभा असलेला अभिनव पुढे आला. त्याने शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं होतं.

"पप्पा, आता बस करा ना," तो म्हणाला. "मीच होतो. क्लासला उशीर झाला होता, मी जोरात घेतली वळणावर. मी घाबरून पप्पांना फोन केला. ते त्या दिवशी सुट्टीवर होते, म्हणाले, तू घरी जा, मी बघतो."

लायसन्स नाही, हेल्मेट नाही, वय पंधरा. चावी कोणी दिली होती? त्याच्या पप्पांनीच. गल्लीतूनच तर जायचंय, तिकडे पोलीस नसतात, असं म्हणून. हे ऐकताना हंसाबेन खुर्चीत बसल्या बसल्या रडू लागल्या. मिनलचे पप्पा तर लाजेने आणि संतापाने ताडकन उठले. ते म्हणाले की आत्ताच्या आत्ता पोलीस चौकीत जायचं.

आत्माराम काका हात जोडून दाजींपुढे उभे राहिले. दाजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते मिनलला म्हणाले, "माझं खरं तू केलंस. काय ते आता तूच सांग."

मिनलने याचा विचार रात्रभर केला होता. हवा काढली तर कोणीही पुन्हा भरतं. तिला जास्त टिकाऊ काहीतरी हवं होतं. तिने सांगितलं, काकांनी घडलेलं सगळं स्वतःच्या हाताने कागदावर लिहून सही करायची. तो कागद दाजींच्या ट्रंकेत राहील. अभिनव अठरा वर्षांचा होऊन लायसन्स काढेपर्यंत स्कूटरच्या दोन्ही चाव्या दाजींच्या दाराजवळच्या खिळ्याला राहतील. सकाळी ऑफिसला जाताना काकांनी वर येऊन मागायच्या, संध्याकाळी परत आणून द्यायच्या. कव्हर बदलायचं नाही. यातलं एक जरी चुकलं तर कागद चौकीत जाईल.

"तीन वर्षं? रोज?" काका म्हणाले. "अगं, लिफ्ट नाहीये आपल्याकडे."

"दाजी पण जिनाच चढतात," मिनल म्हणाली.

सुलूआत्याने तिला जवळ ओढून पाठीवर थाप मारली. पप्पा दाजींच्या पायाशी बसले आणि म्हणाले की चुकलो, गुहागरची तिकिटं रद्द करतो. तळमजल्यावरच्या मनोरमाआजी तर सार्थक आणि स्वप्नालीलाही म्हणाल्या की सेक्रेटरीची निवडणूक आता तुम्हीच लढवा. अभिनवने दाजींच्या पायांना हात लावला. दाजींनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि रोज संध्याकाळी आपल्याला हात धरून फिरायला न्यायला सांगितलं, पायी. मिनल मात्र त्याच्याशी बोलली नाही. तिचा राग अजून बराच शिल्लक होता आणि सुट्टीही.

सोमवारी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात आत्माराम काका, घामाघूम, हातात ऑफिसची बॅग. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाळा, चावी दे ना लवकर."

"चावी दाजीच देणार," मिनल म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना काका. दाढी करतायत ते. डाव्या हाताने करायला वेळ लागतो त्यांना."