सदतीस नंबरची बंडी

"हेलियम?"

"हजर, बाई."

"लिथियम?"

"लिथियम आज यायचा नाही, बाई. त्यांची म्हैस व्यालीय."

नववीच्या वर्गात हशा पिकला. पाटणच्या त्या शाळेत विज्ञानाच्या हेमांगीबाई हजेरी अशीच घ्यायच्या. जूनमध्ये नावांच्या वर्णक्रमानं जो हजेरी क्रमांक मिळेल, तोच त्या मुलाचा वर्षभराचा अणुअंक. अकरा नंबरचा जयदीप सोडियम, सतराची नाझनीन क्लोरीन. सव्वीसचा प्रज्वल लोह. गृहपाठ झाला नसला की तो गंज चढल्याचं सांगायचा. छत्तिसावी, म्हणजे जूनच्या यादीतली शेवटची, ज्ञानदा. क्रिप्टॉन. राजवायूंच्या घराण्यातली असल्यामुळे ती बाकावरसुद्धा जरा रेलूनच बसायची.

"रुबिडियम?"

मागच्या नव्या बाकावर एकटी बसली होती ती जूननंतर आलेली, म्हणून सदतिसावी, रेवा भोईटे. तिनं नुसता हात वर केला.

रेवाला येऊन आठ दिवस झाले होते. तिचे बाबा पवनचक्क्यांचे इंजिनियर. आज या डोंगरावर, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या. त्यामुळे पहिलीपासून ती घरशाळेत, म्हणजे पडद्यावरच शिकली होती. प्रत्येक परीक्षेत पहिली यायची, पण दिवस दिवस कुणाशी बोलायची नाही. आता पाटणला तीन वर्षं मुक्काम होता. म्हणून बाबांनी घरशाळेकडून आठ दिवसांची सवलत मागितली होती: खरी शाळा बघू, नाही जमली तर परत येऊ. आज आठवा दिवस. शाळा सुटेपर्यंत कळवलं नाही, तर घरशाळेतली जागा जाणार होती. "तू म्हणशील तसं," बाबा सकाळी म्हणाले होते. रेवा म्हणाली होती, "परतच जाऊ या."

हे बाईंना माहीत होतं. वर्गालाही माहीत होतं. कारण नाझनीनला माहीत होतं.

"चला, मैदानावर," बाई म्हणाल्या. "बंड्या घाला. आज आवर्तसारणी पळवायची."

कवचबंड्या शाळेत याच वर्षी आल्या होत्या. दिसायला साधी बिनबाह्यांची बंडी. पण आत वीज मिळताच आखडणारे बारीक दोरे विणलेले. छातीवर मधोमध केंद्रकाचा लाल ठिपका आणि त्याभोवती वर्तुळांत इवले इवले दिवे. ते इलेक्ट्रॉन. गळपट्टीवर आपला अणुअंक लावला, की तेवढे दिवे आपापल्या कवचांत लागत. सोडियमचे दोन, आठ आणि बाहेर एकटा एक. क्लोरीनचे दोन, आठ, सात. मग दोन बंड्या जवळ आल्या, की ज्याची जशी ओढ तसे दोरे ताणले जात. दिवा एका बंडीवर विझायचा, दुसरीवर लागायचा आणि दोघं एकमेकांना चिकटायचे.

बंड्यांच्या पेटीपाशी ज्ञानदा, नाझनीन आणि प्रज्वलची कुजबुज चालली होती.

"पाचव्या कवचात एकच दिवा, तोही पार कडेला. रेवाला बिचारीला किती एकटं वाटत असेल," ज्ञानदा म्हणाली.

"आणि आज शेवटचा दिवस तिचा," नाझनीन म्हणाली. "पाहुण्याला कोण कोपऱ्यात बसवतं का? आमची अम्मी तर पाहुण्याला पंख्याखालची खुर्ची देते."

"मग माझी बंडी देते तिला. राजवायू होऊ दे."

"बघ हं. वर्षभर मिरवतेस ते," प्रज्वल म्हणाला.

"दिली म्हणजे दिली!"

ज्ञानदानं स्वतःच्या हातानं रेवाला छत्तीस नंबरची बंडी चढवली, बंद नीट बांधले आणि सदतीस आपल्या गळपट्टीवर लावला.

बाईंनी शिट्टी वाजवली आणि मैदानात एकच गोंधळ उडाला. जयदीप फ्लोरीनच्या तावडीत सापडला. मॅग्नेशियमचे दोन्ही दिवे ऑक्सिजननं पळवले. कार्बनला चौघा जणांनी चारी बाजूंनी धरलं, तो ओरडायला लागला, "हात दोनच आहेत रे मला!" ज्ञानदाची तर दैना उडाली. तिचा बाहेरचा दिवा केंद्रकापासून इतका लांब, इतका सैल, की जो येईल तो ओढायचा. ब्रोमीननं तो नेला तेव्हा ती त्याच्याबरोबर दहा पावलं फरफटत गेली आणि हसून हसून खाली बसली.

रेवा मैदानाच्या मधोमध उभी होती. तिचे छत्तीस दिवे शांतपणे जळत होते. पोरं तिच्या अंगावरून वाऱ्यासारखी जात होती. प्रज्वल जाता जाता मुजरा करून गेला. दोरे एकदाही हलले नाहीत. दहा मिनिटांनी तिनं बंद सोडले, बंडीची नीट चौकोनी घडी केली आणि बाईंपुढे धरली.

"बाई, ही बंद पडलीय."

आठ दिवसांतलं तिचं शाळेतलं हे पहिलं वाक्य होतं. बाईंनी बंडी उलगडली. दिवे लागलेले. गळपट्टीवर छत्तीस.

"बंद नाही पडलेली, बाळा. उत्तम चाललीय, राजवायू कुणाला चिकटतच नाही. पण ही तुझी नव्हे. कुणी दिली?"

ज्ञानदा मातीनं माखलेली, धापा टाकत आली. "आम्हीच, बाई. कडेला एकटी राहू नये म्हणून. राजवायूचं कसं, सगळं भरलेलं, काही कमी नाही..."

"म्हणून मला कुणी शिवलंसुद्धा नाही," रेवा म्हणाली. "घरी असंच असतं. पडद्यावर सगळी उत्तरं बरोबर येतात, आणि..."

ज्ञानदाचा चेहरा पडला. नाझनीन पायानं माती उकरायला लागली. चांगलं करायला गेलं आणि नेमकं हे झालं. कवचांच्या चार तासिका शिकवूनही आपल्याकडून हे सांगायचं राहिलं, असं बाईंना वाटून गेलं.

"माझी मला द्या," रेवा म्हणाली.

"रेवा, खरं सांगू का?" ज्ञानदा चाचरत म्हणाली. "मला परत छत्तीस नकोय. सदतीसमध्ये लई मजा येते गं."

"सदतीस माझा आहे!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. रेवा स्वतःच दचकली. मग नाझनीन फिस्सकन हसली, तशी ज्ञानदाही. नव्या डावासाठी सगळ्यांचे दिवे परत जागी आले, रेवानं बंडी चढवली आणि दोघींनी गळपट्टीवरचे अंक बदलले. पाचव्या वर्तुळात रेवाचा एकटा दिवा लुकलुकला आणि पुन्हा शिट्टी वाजायच्या आत तिची बंडी डावीकडून ताणली, उजवीकडून ताणली, पाठीतून ताणली.

"आई गं!" रेवा किंचाळली आणि पळत सुटली. तिच्यामागे फ्लोरीन, ब्रोमीन, ऑक्सिजन. नाझनीननं तिला गोलपोस्टपाशी गाठलं. दिवा गेला, सतरा नंबरच्या बंडीवर आठवा होऊन लागला आणि दोघी एकमेकींवर आदळून भुईवर पडल्या.

"सोड की!"

"मी कुठं धरलंय? तूच चिकटलीस!"

घंटा झाली तरी दोघी तशाच बसून होत्या, शेजारी ज्ञानदा. फाटकापाशी रेवाचे बाबा फोन हातात घेऊन उभे होते. मुलीच्या केसांत माती, गुडघा खरचटलेला. ते काळजीनं आत आले.

"रेवा, घरशाळेला कळवायचंय. काय लिहू?"

"सोडली म्हणून लिहा," रेवा म्हणाली. "आणि बाबा, जरा थांबा ना. मला बाईंना विचारायचंय."

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे आणि मग मान खाली घालून बोट टेकवलं.

बाई जवळ आल्या तेव्हा रेवा छातीवरचे दिवे मोजत होती. "बाई, माझा एक गेला. राहिले छत्तीस. दोन, आठ, अठरा, आठ. म्हणजे मांडणी क्रिप्टॉनचीच झाली ना?"

"अगदी तीच."

"मग मगाशी तीच मांडणी होती तेव्हा दोरे हलले नाहीत. आत्ता कसे ओढतायत?"

"तुझ्या केंद्रकात प्रोटॉन सदतीस आहेत आणि इलेक्ट्रॉन राहिले छत्तीस. एक धनप्रभार उघडा पडला. नाझनीनकडे एक ऋणप्रभार जास्त झाला. ती ओढ आहे."

"ते कळलं, बाई." रेवानं नाझनीनच्या बंडीवर लागलेल्या दिव्यावर हलकेच बोट ठेवलं. "पण बंडी आपल्याला ओढ दाखवते, म्हणून आपल्याला कळतं. खऱ्या अणूला कळत असेल का, की आपला दिवा कुणाकडे आहे?"

बाईंना उत्तर माहीत होतं. पुस्तकात ते एका शब्दात होतं: नाही. पण तिघी पोरी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या आणि रेवाच्या मातीनं भरलेल्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. अणूला काहीच कळत नसेल, तर अणूंचीच बनलेली ही पोर आत्ता हसतेय ती कशानं?