चाळीस घरट्यांची एकच तारीख

एका रात्रीत चाळीस मादी कासवं एकाच किनाऱ्यावर अंडी घालून गेली, असं कुणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? मुरडवाडीत एका रात्री एक कासव आलं तरी सकाळी गावभर बातमी होते. पण पाच एप्रिलच्या शनिवारी दुपारी अकरा वर्षांच्या केतकी तांडेलसमोरच्या पडद्यावर अगदी तसंच लिहिलेलं होतं. घरटं पहिलं, अंडी घातली वीस मार्चला. दुसरं, वीस मार्च. तिसरं, वीस मार्च. असं थेट चाळिसाव्यापर्यंत.

बरं, ही नुसती पडद्यावरची गंमत नव्हती. मुरडवाडीत कासवांची अंडी कुंपणाच्या आतल्या वाळूत पुरून ठेवतात आणि पंचेचाळीस दिवस झाले की त्या घरट्यावर वेताची टोपली पालथी घालतात. बाहेर आलेली पिल्लं टोपलीखाली सुरक्षित राहतात, मग त्यांना समुद्रात सोडायचं. टोपली नसली तर ती उन्हात भाजतात, नाहीतर कावळे टिपतात. टोपल्या घालायचं काम कुर्लीचं. कुर्ली ही सहा पायांची रोबो, तारखा मोजून काम करणारी. आणि तिच्या हिशोबाने अजून कुठल्याच घरट्याचे पंचेचाळीस दिवस भरलेले नव्हते.

त्याच सकाळी केतकीच्या आजोबांना, म्हणजे आबांना, तिसऱ्या घरट्यापाशी पिल्लं उघड्यावर सरपटताना दिसली होती. दोन पिल्लं कावळ्यांनी नेली. बाकीची आबांनी आपल्या टोपीत भरभरून पाण्यापर्यंत पोहोचवली. आता पुढच्या घरट्यांतली पिल्लं कधी बाहेर येतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि चाळीस घरट्यांना टोपल्या होत्या बाराच.

हे झालं कसं, ते शोधायला केतकीला लांब जावं लागलं नाही. आबा जुने मच्छीमार. भरती-ओहोटी तिथीवर चालते, म्हणून ते घरट्याची नोंदही तिथीनेच सांगायचे. कुर्लीला तिथी कळत नाही, तेव्हा कॅलेंडर बघून तारीख घालायचं काम केतकीकडे. गेल्या रविवारी, तारीख घालायची राहून गेलेल्या अडतिसाव्या घरट्यासमोर उभी राहून ती ऐटीत म्हणाली होती, "कुर्ली, अंडी घातल्याची तारीख वीस मार्च लिही." माणूस असता तर त्याला कळलं असतं. कुर्लीला मात्र घरट्याचा नंबर लागतो. तो मिळाला नाही, तेव्हा तिने इमानेइतबारे सगळ्याच घरट्यांची तारीख वीस मार्च करून टाकली.

ती दोन पिल्लं आपल्यामुळे गेली, हे केतकीला सारखं आठवत होतं. क्षणभर वाटलं, सगळं कुर्लीच्या माथी मारावं. पण मग तिने सरळ शरयूआत्याला फोन लावला.

आत्या तालुक्याच्या गावी असायची आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या कासव केंद्रांचं डेटा वेअरहाउस (माहितीचं गोदाम) सांभाळायची. केतकीने रडत रडत सगळं सांगितलं. आत्या रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "हे तू रविवारी किती वाजता सांगितलंस?"

आंबोळ्या खाऊन गेले होते, म्हणजे साडेआठ, केतकी म्हणाली. आत्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि हुश्श केलं.

मग तिने समजावून सांगितलं. हे गोदाम असतं क्लाउडमध्ये (दूर एके ठिकाणी ठेवलेल्या, इंटरनेटवरून वापरायच्या मोठ्या संगणकांमध्ये). तिथे एखादी नोंद बदलली की जुनी खरवडून काढत नाहीत. नवं पान वर ठेवतात आणि जुनं पान वेळेची चिठ्ठी लावून बाजूला ठेवून देतात. म्हणून गोदामाला विचारता येतं, की बाबा रे, रविवारी सकाळी आठ वाजता हा तक्ता कसा दिसत होता? पण जुनी पानं तिथे कायम राहत नाहीत. त्यांची रिटेन्शन (जुनं किती दिवस राखायचं ती मुदत) ठरवून द्यावी लागते. मुरडवाडीची होती सात दिवस.

"म्हणजे उद्या साडेआठला ती पानं गेली असती?" केतकीने विचारलं.

"गेली असती. आज आहेत."

आत्या रविवारचा अख्खा तक्ता परत आणायला निघाली, तेवढ्यात केतकीने तिला थांबवलं. रविवारनंतर एक्केचाळिसावं आणि बेचाळिसावं घरटं आलं होतं, जुन्या पानावर ती कुठून असणार? आत्या खूश झाली. तिने जुन्या पानाची वेगळी प्रत काढली आणि एक ते चाळीस घरट्यांच्या फक्त तारखा तिच्यातून उचलल्या. फक्त अडतिसाव्या घरट्याच्या तारखेची जागा कोरी होती. तिथे वीस मार्च लिहायला केतकीने सांगितलं, आणि या वेळी नंबर दोनदा उच्चारला.

पडद्यावर तारखा परत आल्या. नऊ फेब्रुवारी, अकरा फेब्रुवारी, चौदा, सोळा, सतरा. केतकीचा जीव भांड्यात पडला. बाहेर कुर्ली टोपल्या उचलून चालूही लागली होती. पहिल्या दोन घरट्यांवर टोपल्या रविवारच्या आधीच पडल्या होत्या; आता एक चौथ्या घरट्यावर, दुसरी पाचव्यावर.

आता मुदत बदलायची होती. केतकी म्हणाली, कायमचीच ठेव की. आत्या हसली. वाळूतला तापमापक दर मिनिटाला नोंद बदलतो, त्याची सगळी जुनी पानं ठेवली तर गोदाम तुडुंब भरेल आणि फुकट वीज जाळेल. त्याला एक दिवस पुरे. प्रत्येक तक्त्याची मुदत वेगळी ठेवता येते.

"घरट्यांचं तू ठरव. चूक झाली तर ती कळायला किती दिवस लागतात?"

केतकीने विचार केला. तारीख चुकलेली कळते कधी, तर पिल्लं बाहेर येतात तेव्हा, म्हणजे फार तर पंचावन्न दिवसांनी.

"साठ दिवस," ती म्हणाली. "पंचावन्न अंड्यांचे आणि पाच माझ्या वेंधळेपणाचे."

आत्याने साठ लिहिले.

संध्याकाळी पाचव्या घरट्यावरची टोपली खालून हलायला लागली. आबांनी ती उचलली, आणि तळहातावर मावतील अशी पिल्लं ओल्या वाळूवरून लाटांकडे निघाली. यांतली काही मोठी होऊन पंधरा-वीस वर्षांनी इथेच अंडी घालायला येतील, आबा म्हणाले. सकाळची ती दोन मात्र कुठलंच गोदाम परत देणार नव्हतं. केतकीने या घरट्यातलं एकेक पिल्लू मोजलं, शेवटचं लाटेत शिरेपर्यंत. मग ती कुर्लीकडे वळली.

"घरटं पाचवं," तिने आधी सांगितलं. "पिल्लं एकशे सहा."