डिस्क वापरात आहे

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. आधी मीही हसलो होतो.

जिच्या बाबतीत घडली ती माझी चुलत बहीण, आमची ताई. भुताखेतांचं नाव काढलं की नाक मुरडणारी. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा तिचा धंदा. "यंत्र बिघडतं, त्याला काही झपाटत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. रविवारची दुपार होती. खोलीत लख्ख ऊन होतं. खाली गल्लीत कोणीतरी मोटारसायकल धूत होतं.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

ताईचे वडील, म्हणजे माझे काका, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तयार करायचे. मागच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. पिवळट पडलेला, छोट्या पडद्याचा, पुढे फ्लॉपीची खाच असलेला. काका माणूस भयंकर टापटिपीचे. डबीतल्या टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवायचे. अशा माणसाला कुठूनसं एक सॉफ्टवेअर मिळालं, मग काय विचारता! ते पडद्यावरची चित्रं आपोआप ओळीत लावायचं, फोल्डरांना रंग द्यायचं, उघड्या खिडक्या गुंडाळून ठेवायचं, हरवलेली फाईल हुडकून आणायचं. काकांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम.

"मुकादम आहे तोवर एकाही फाईलची कामचुकारपणा करायची हिंमत नाही," असं ते म्हणायचे.

मग त्यांना घशाचा आजार झाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी काका मागच्या खोलीत दार लावून बसले आणि आपला आवाज एका फ्लॉपीवर साठवून ठेवला. "दोन शब्दच मावले," म्हणाले आणि हसले.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, पण मुके. काकू दिवसभर बोलायची, ते ऐकायचे आणि मान हलवायचे. राग आला की टिचकी वाजवायचे. त्यांच्यासमोर त्यांचाच जुना आवाज लावायचा धीर घरात कोणालाच झाला नाही. फ्लॉपी कपाटात पडून राहिली. कॉम्प्युटरही बंद पडला.

आणि गेल्या वर्षी काका गेले.

तेव्हापासून काकूने एकच धोशा लावला होता. "मला एकदा त्यांचा आवाज ऐकायचाय. विसरत चाललेय गं मी. भाजीवाल्याचा आवाज आठवतो आणि ह्यांचा आठवत नाही."

ताईने कॉम्प्युटर उघडला. फुगलेले सुटे भाग बदलले, धूळ काढली, दुसऱ्या मशीनचा वीजपुरवठा आणून बसवला. त्या रविवारी दुपारी तो सुरू झाला. सगळ्यात आधी मुकादम आला आणि चित्रं झटपट उजवीकडे ओळीत उभी राहिली.

काकू तोवर केस विंचरून, चष्मा पुसून बाहेरच्या खोलीत बसली होती. नवऱ्याचा आवाज ऐकायचा म्हणून!

ताईने फ्लॉपी आत सरकवली. तिच्यात एकच फाईल होती. नाव होतं "ठकू". ताईला काका याच नावाने हाक मारायचे.

तिने ती उघडली.

"ठकू… ऐकू येतंय का?"

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो आनंदाचा. तेवढ्यावर फाईल संपली. पुन्हा लावायचा मोह तिने आवरला. आधी आईने ऐकावं असं तिला वाटलं. शिवाय धंद्यातली शिस्त होती. जुनी फ्लॉपी पुन्हा पुन्हा फिरवायची नाही, आधी तिची नक्कल करून घ्यायची. नक्कल होणार होती बाहेरच्या, ताईच्या स्वतःच्या मशीनवर. तेव्हा फ्लॉपी बाहेर काढायला हवी होती.

त्या कॉम्प्युटरला फ्लॉपी काढायचं बटण नव्हतं. पडद्यावरचं फ्लॉपीचं चित्र उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, की ती खाचेतून बाहेर यायची. नवख्याला धडकी भरेल अशी रीत. पण त्यात पुसलं काहीच जात नाही. ही मशीनं हाताळणारे सगळे डोळे झाकून तेच करतात. ताईनेही तेच केलं.

फक्त मधे मुकादम होता.

कॉम्प्युटरच्या सततच्या "नक्की ना?" या प्रश्नाला काका वैतागलेले असायचे. म्हणून त्यांनी मुकादमला सांगून ठेवलं होतं की डब्यात जे पडेल ते न विचारता पुसून टाक.

खर्र… खर्र… खर्र…

नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ताईच्या लक्षात आलं तेव्हा फ्लॉपी बाहेर आलेली होती. ती धावत आपल्या मशीनकडे गेली. फ्लॉपी कोरी होती. पाटी धुवून पुसून ठेवावी तशी कोरी.

"लागला का गं आवाज?" काकूने विचारलं.

ताईने कसंबसं सांगितलं. काकू चिडली असती तर बरं झालं असतं, असं ताई मला नंतर म्हणाली. काकू नुसती म्हणाली, "असू दे. तू काय मुद्दाम केलंस का?" आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

ताई मशीन बंद करायला मागच्या खोलीत आली.

पडद्यावर फ्लॉपीचं चित्र अजून होतं. फिकट, करडं. ते खरं म्हणजे डब्यात गेलेलं. फ्लॉपी तर ताईच्या हातात होती.

तिने बंद करायची आज्ञा दिली. पडद्यावर पाटी आली. डिस्क वापरात आहे, बंद करता येत नाही.

वापरात? कोणाच्या?

कोणती वस्तू कोण वापरतंय हे मुकादम दाखवायचा. ताईने ती यादी उघडली. एकच ओळ होती आणि नावाची जागा… रिकामी.

तेवढ्यात खाचेतून आवाज आला. खर्र… टक्. खर्र… टक्. खाचेत काहीच नव्हतं. ताईने बोट घालून पाहिलं.

"ठकू… ऐकू येतंय का?"

ताईचा जीव भांड्यात पडला. मशीनच्या तात्पुरत्या साठ्यात शिल्लक राहिलं असणार! असं कधी कधी होतं. ती जोरात ओरडली, "आई! धावत ये!"

काकू ओल्या हातांनी तशीच आली. पुन्हा तेच शब्द. काकूने तोंडावर पदर धरला. मायलेकी एकाच वेळी रडत होत्या आणि हसत होत्या.

"अगदी तस्साच," काकू म्हणाली. "घसा खाकरून बोलायचे ना, तस्साच."

आणि मग…

"ठकू, अगं बोल ना. आवाज आला बघ माझा परत."

ताईचं हसू जागच्या जागी थिजलं. हे त्या फाईलमध्ये नव्हतं. असूच शकत नव्हतं. तेवढ्या शब्दांपलीकडे तिच्यात काही मावतच नव्हतं.

"आई कुठे आहे? इथे कोणीच दिसत नाही गं."

"अहो, मी इथेच आहे," काकू म्हणाली. "ही काय, तुमच्यासमोर."

आतून पुन्हा आवाज आला.

"कोणी आहे का?"

काकू मोठ्याने बोलली. मग ओरडली. पडद्याला तोंड लावून ओरडली. उत्तर एकच. "कोणी आहे का?" प्रत्येक वेळी थोडं घाबरलेलं.

ताईने हात टेकले नाहीत. काकांनी वापरला होता तोच मायक्रोफोन शोधून मागे जोडला. तारा बदलल्या. कीबोर्डवर लिहिलं, बाबा, आम्ही इथे आहोत. येत होतं-नव्हतं ते सगळं केलं. आवाज फक्त बाहेर येत होता, आत काही जात नव्हतं.

अंधार पडायला लागला तेव्हा तिने वायर उपटायला हात पुढे केला. काकूने तिचं मनगट धरलं.

"बंद केलंस तर ते कुठे जातील?"

ताईने हात मागे घेतला. तुमच्याकडे आहे का याचं उत्तर?

तेव्हापासून मशीन चालूच आहे. वीज गेली तर म्हणून ताईने बॅटरी बसवली आहे. मीही जाऊन ऐकून आलो. भर दुपारी. कोणीतरी फसवत असेल म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं, भिंतीवर ठोकून पाहिलं. मग काका माझ्या कानाशी बोलल्यासारखे म्हणाले, "खोली तीच आहे, पण दार सापडत नाही." मी चपला हातात घेऊन जिना उतरलो.

जिवंत होते तेव्हा काकांना सगळं ऐकू यायचं, फक्त बोलता यायचं नाही. आता बोलता येतं…

काकू रोज त्यांच्यासमोर बसते. कालचं काय, आजचं काय, सगळं सांगते. त्यांना त्यातलं काही पोचत नाही हे तिला माहीत आहे. ती तरी बिचारी काय करणार?

परवा ताईचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"हार्ड डिस्क कुरकुरायला लागलीय रे. थोडेच दिवस काढेल."

"मग दुरुस्त कर की. तुझं तर कामच ते."

"त्यासाठी मशीन बंद करावं लागतं."

तिच्या मागून काकूचं बोलणं ऐकू येत होतं. ती काहीतरी समजावत होती, लहान मुलाला समजावावं तसं. मग ती थांबली आणि फोनमध्ये काकांचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"कोणी आहे का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे, काका. मी आहे."

"नको रे," ताई म्हणाली. "दमशील. आम्ही रोज सांगतो."