ओळखता का यांना?

ऑक्टोबरात सान होसेला पाऊस दुपारी हमखास येतो, आणि परगावचा माणूस हमखास छत्रीविना सापडतो. न्यायालयासमोरच्या खानावळीच्या वळचणीला असाच एक जण उभा होता. आत बसलेल्या सीनियाला हसू आवरेना.

"आत या की! अर्धे भिजलात, उरलेलेही भिजवणार का?"

"बुटांना चिखल आहे..."

"खानावळीला सवय आहे. गरम गुळाचं पाणी घ्या."

त्याचं नाव एलिसेओ. उत्तरेकडच्या देशातला, डोंगरातला, मधमाश्या पाळणारा. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मधापुढे हे काहीच नाही."

"मग आणायचा होता मध!"

"आणला असता. पण कुणासाठी, ते कुठं माहीत होतं?"

सीनियानं आपल्या पेल्यात चमचा उगाचच दोनदा फिरवला. पाऊस जरा लांबला तर बरं, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं साक्षीदारांच्या खोलीचं दार उघडलं, तर समोर तोच!

"तुम्ही?"

"तू?"

सीनिया खानावळीसमोरच्या त्या, अनेक देशांनी मिळून चालवलेल्या मानवी हक्क न्यायालयात कामाला होती. साक्ष होईपर्यंत साक्षीदाराच्या कानावर आतलं काही पडू द्यायचं नाही, आणि त्याच्याशी खटल्याबद्दल बोलायचं नाही, हे तिचं काम. मग दोघं बाकी सगळ्याबद्दल बोलले. पावसाबद्दल, मधमाश्यांबद्दल, तिच्या नाकावरच्या तिळाबद्दलसुद्धा.

"तुम्ही लोक सगळ्यांनाच अहो-जाहो करता?" त्यानं विचारलं.

"कुत्र्यालाही! तेव्हा फार मनावर घेऊ नका."

तो हसला. पुकारा झाला तसा तो उठला आणि हळूच म्हणाला, "मी बोलत असताना... तू ऐकू नकोस."

"का?"

"खटल्याबद्दल बोलायचं नाही ना?"

"नाही ऐकणार," ती म्हणाली. "शब्द देते."

तिनं त्याला खुर्चीपर्यंत नेलं आणि बाहेर येऊन दार लोटलं. पूर्ण नाही लोटलं — बोटभर फट ठेवली. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, तरी पाय हलेनात.

खटला त्याच्या बहिणीचा होता. डेल्फिना, गावची शिक्षिका, कितीतरी वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. ती आपणहून गाव सोडून गेली, असं सरकारचं म्हणणं. सैनिक तिला नेत असताना पाहणारा एकच माणूस उरला होता, एलिसेओ.

"सैनिकांनी तुम्हाला काही विचारलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

आत खुर्ची करकरली.

"विचारलं... हिला ओळखतोस का."

"मग?"

"नाही म्हणालो. कोवळा पोर होतो, घाबरलो होतो. ताईनं माझ्याकडे बघितलं, आणि तीही म्हणाली, मी याला ओळखत नाही." त्यानं नाक ओढलं. "आई इथं बसलीय. तिला हे आजच कळतंय."

सीनियाचे कान तापले. हे आपल्यासाठी नव्हतं. त्यानं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि आपण दाराआड उभं राहून ती चोरली.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं," ती मान खाली घालून म्हणाली. "शब्द दिला होता, तरी ऐकलं. मला माझीच लाज वाटतेय."

तेवढ्यात तिच्या वरिष्ठ ओदिलीबाई, सगळ्यांच्या दोन्या ओदिली, आल्या. "सीनिया, मघापासून बरंच बोलणं चाललंय. ओळखता का यांना?"

सीनियाची नोकरी कायम व्हायची होती, आणि चालू खटल्यातल्या माणसाशी ओळख ठेवायला सक्त मनाई.

"नाही हो, दोन्या ओदिली. मी नाही ओळखत यांना."

किती सहज निघालं तोंडातून! एलिसेओनं तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता समजल्यासारखा मान हलवून फाटकाकडे चालू लागला.

सीनियाला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्यापुढे बंदुका होत्या. आपल्यापुढे काय, तर चष्मा लावलेल्या दोन्या ओदिली!

"खोटं बोलले मी!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की फाटकाशी तो थबकला. "ओळखते मी यांना. काल भेटले, आणि... आवडतात मला."

दोन्या ओदिलींनी चष्मा काढून पुसला. "मग या खटल्यातून तुम्ही बाहेर. उद्यापासून ग्रंथालयात बसा. कायम व्हायचं पुढच्या वर्षी बघू. आणि निकाल लागेपर्यंत भेट नाही, फोन नाही."

"निकाल कधी?" एलिसेओनं तिथूनच विचारलं.

"दोन्ही बाजूंचं शेवटचं लेखी म्हणणं यायचंय. मग न्यायाधीश विचार करणार. वर्ष तरी धरा."

सीनियाच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्ष! आणि तेही त्याला थांबायचं असेल तर.

इतक्यात त्याची आई बाहेर आली. रडून चेहरा सुजला होता. लेकाजवळ जाऊन तिनं त्याचा दंड घट्ट धरला. मग तिची नजर सीनियाकडे गेली.

"ही कोण रे?"

एलिसेओनं मान वर केली.

"ही सीनिया, आई. मी ओळखतो हिला."

आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्याचा दंड सोडला. "मग असा पाठ फिरवून काय चाललास? जा, नीट निरोप घेऊन ये."

पाऊस सुरू झाला होता. तो छत्रीविनाच माघारी वळला.