आधी उलटा, मग सुलटा

"अक्का, मी चोर नाही. निदान तुम्ही तरी तसं म्हणू नका."

सुप्रजाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. एका हातात रसम-भाताची वाटी होती, दुसरा हात वाणीच्या पाठीशी. पोर नुकतीच धरून उभी राहायला लागली होती, आणि तेव्हापासून सुप्रजाला घरातल्या प्रत्येक कोपऱ्याची भीती वाटत होती.

"भुवना, आधी रडणं थांबव. झालं काय?"

"काल पाण्याची परीक्षा होती. यंत्रात पाणी शिरलं. उघडलं तर आत गॅस्केटच नाही, पाणी अडवणारी रबराची कडी. रविशंकर सार् म्हणतात, मी मुद्दाम काढलं, दुसऱ्या कंपनीने मला फोडलं. संध्याकाळी पोलिसांत जाणार आहेत." तिने नाक ओढलं. "अक्का, ते मी लावलं होतं. ह्याच बोटांनी."

सुप्रजाने वाटी खाली ठेवली, वाणीचं तोंड पुसलं आणि तिला कडेवर घेऊन रिक्षा थांबवली.

दारासुरमच्या रस्त्यावर, रेशमाच्या मागांच्या खडखडाटाला लागूनच रविशंकरचा कारखाना होता. हातात मावणाऱ्या संगणकांची आणि नेटवर्कच्या पेट्यांची बाहेरची कवचं तिथे आखली जात, पहिले नमुने तिथेच जोडले जात. वाणी होईपर्यंत सुप्रजा तिथेच डिझाइनर होती. तिला हे काम शिकवलं ते हयग्रीवमामांनी. नात्याने ते आईचे लांबचे भाऊ, कामात गुरू. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगत. प्लास्टिकमधला स्क्रू पुन्हा लावताना आधी उलटा फिरवायचा. जुना आटा सापडला की टक् असं बोटांना कळतं, मग सुलटा. सरळ पिळलात तर स्क्रू नवे आटे कापतो आणि प्लास्टिक मरतं. दुसरी गोष्ट बॅटरीची. ती वयाबरोबर फुगते, म्हणून तिच्या बाजूला मोकळी जागा सोडायची.

"बॅटरी म्हणजे गर्भार बाई," ते म्हणायचे. "साडी घट्ट नेसवू नका."

रविशंकर दारातच भेटला. त्याच्याही घरी मराठीच, पण एरवी तो कारखान्यात तमिळच बोलायचा, कारण भुवनेश्वरीला मराठी येत नव्हती. आज मात्र तो मुद्दाम मराठीतच बोलला, तिच्या डोळ्यांदेखत.

"ही रडते ते खोटं आहे, सुप्रजा. तू ह्यात पडू नको."

भुवनेश्वरी भिंतीशी उभी होती. काय बोलतायत ते तिला कळत नव्हतं आणि तरी सगळं कळत होतं.

"यंत्र कुणासाठी होतं?" सुप्रजाने विचारलं.

"गावोगाव फिरणाऱ्या नर्सबायांसाठी. आखलं मामांनी. बाळाचं वजन, लस, सगळं ह्यात भरायचं. पावसात चालायला हवं म्हणून पाण्याची परीक्षा. काल पास झालं असतं तर कालच कवचाचा पक्का साचा कापायला गेला असता."

"आणि आता?"

"आता सगळं थांबलं. यंत्र घेणारे साहेब लोक मान हलवत निघून गेले. आमच्या भांड्यांच्या दुकानातलं पितळी घंगाळ आणलं होतं मी, त्यात यंत्र सोडलं, आणि बुडबुडे बुडबुडे! लाज गेली."

"यंत्र जोडलं कधी?"

"आदल्या संध्याकाळी. भुवनाने. मग कपाटात. किल्ल्या तिघांकडेच. मी, मामा, ही."

"काल सगळ्यांसमोर उघडलं कोणी?"

"हिनेच. मी हात लावला नाही."

ते खरं असणार. भिंतीवरची वाय-फायची पेटी रविशंकरने एकदा स्वतः उघडून बंद केली होती. तिचे चारही आटे मेले होते, झाकण चिकटपट्टीवर लटकत होतं.

सुप्रजाने वाणीला टेबलाच्या मधोमध बसवलं, तिच्या झबल्याची कड मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने भिंग घेतलं.

कवचाच्या कडेला गॅस्केटची खोबण होती. रिकामी. पण रबर चिकटू नये म्हणून लावतात ती पांढरी पावडर खोबणीच्या तळाशी ओली होऊन बसली होती. झाकणाच्या आतल्या कडेवरही तिचीच बारीक रेघ उमटली होती, चारही बाजूंनी सलग.

"गॅस्केट लावलेलं होतं," ती म्हणाली. "नुसतं ठेवलेलं नव्हतं. झाकण त्यावर दाबून बसलं होतं, म्हणूनच पावडर झाकणाला लागली. जोडून झाल्यावर कोणीतरी यंत्र उघडलं, ते काढलं आणि पुन्हा बंद केलं."

"मग हिनेच! किल्ली होती ना."

"थांब जरा."

तिने स्क्रूच्या नळ्या भिंगाखाली धरल्या. आटे स्वच्छ होते. एकच वाट, कुठेही दुसरी वाट कापलेली नाही. म्हणजे पुन्हा बंद करणाऱ्याने प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवला होता. जाणता हात.

मग तिने स्क्रू पाहिले आणि भुवया आवळल्या. काळ्या डोक्यांचा रंग खरवडून आतलं लोखंड चमकत होतं. डोक्याभोवतीच्या प्लास्टिकवर कोंबडीने टोचल्यासारखे ठिपके होते. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा पुन्हा निसटला होता. हा हात अडाण्याचा.

एकाच यंत्रावर जाणता हात आणि अडाणी हात? घाई झाली होती म्हणावं, तर घाईतला माणूस आधी उलटा फिरवत बसत नाही.

"भुवना," ती तमिळमध्ये म्हणाली, "काल उघडताना हे ओरखडे होते?"

"होते, अक्का. मला वाटलं माझ्या हातून झाले की काय. साहेबांसमोर बोलले नाही."

"हे दुसरं यंत्र घे. उघड आणि बंद कर."

भुवनेश्वरीने पदराला हात पुसले. उलटा, टक्, सुलटा. उलटा, टक्, सुलटा. स्क्रू ड्रायव्हर एकदाही हलला नाही. स्क्रूची डोकी कोरी राहिली.

"हिला नाटक येत असेल," रविशंकर पुटपुटला.

"तुला येतं का? तुझी ती पेटी खाली पडेल बघ एक दिवस."

रविशंकरने पेटीचं लटकतं झाकण वर दाबलं.

सुप्रजाने यंत्रातली बॅटरी बाहेर काढायला नख घातलं. नख शिरेना. तिने पट्टी घातली, तीही शिरेना. बॅटरी कवचाच्या भिंतीला अगदी खेटून बसली होती. हे वेगळंच काहीतरी, तिने मनाशी म्हटलं. आधी गॅस्केट. पण ही बॅटरी फुगली तर? असलं यंत्र नर्स कुठे ठेवेल? पाळण्याशेजारीच की.

मागच्या खोलीतून हयग्रीवमामा आले. हात पाठीमागे बांधलेले. केस आणखी पांढरे झाले होते.

"आलीस गो. बरं केलंस."

वाणीने त्यांना पाहून दोन्ही हात पुढे केले. तिला कोणीही चालायचं. मामा हसले, वाकले, तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन "काय गो बाळी" म्हणाले. हात मागेच राहिले.

"घ्या की मामा."

"नको. कपडे मळलेत."

कपडे पांढरेशुभ्र होते.

सुप्रजाला बारसं आठवलं. तेव्हाही सगळ्यांनी वाणीला घेतलं, मामांनी घेतलं नाही. त्यांच्या हाताखालची एकेक पोरगी लग्नानंतर, बाळंतपणानंतर काम सोडून गेली होती. आपणही गेलो म्हणून ते रागावले असतील, असं तिला वाटलं होतं. ते तिच्या मनात इतके महिने सलत होतं.

भुवनेश्वरीने सवयीने सगळ्यांसाठी कॉफी आणली. चोर ठरलेल्या बाईने आणलेली कॉफी घ्यावी की नाही, हे रविशंकरला ठरवता येईना. शेवटी त्याने घेतली. मामांचा पेला डवऱ्यात, खालच्या वाटीत, तसाच राहिला. त्यावर साय धरली.

"मामा, त्या संध्याकाळी भुवना गेल्यावर कपाट कोणी उघडलं?"

"किल्ल्या तिघांकडे होत्या."

"ते मी विचारलं नाही."

मामा खिडकीबाहेर पाहू लागले. प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच, हे त्यांनी कधी कुणाचं चालवून घेतलं नव्हतं.

"कॉफी गार होतेय, मामा."

"घेईन नंतर."

"आम्ही गेल्यावर?"

मागांचा खडखडाट शेजारून चालूच होता. सुप्रजाला एकदम सगळं दिसलं, आणि न दिसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पण भिंतीशी भुवनेश्वरी उभी होती. तिच्या गल्लीत संध्याकाळी पोलीस आले असते, तर मग कुठल्याच कारखान्याने तिला दारात उभं केलं नसतं.

"मामा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

मामा खिडकीपासून वळले. मग खुर्चीवर बसले. "तू सांग. चुकलीस तर थांबवीन." पूर्वी तिचं ड्रॉइंग तपासायला घेताना ते असंच म्हणत.

सुप्रजा बोलली ते तमिळमध्ये. भुवनेश्वरीला प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा होता.

"ज्याने यंत्र पुन्हा बंद केलं, त्याला आटे सांभाळता येत होते. म्हणजे रवी नाही. पण त्याला स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरता येत नव्हता. म्हणजे भुवना नाही. कसब शाबूत आणि हात शाबूत नाही, असा एकच माणूस उरतो. तो माझ्या मुलीला उचलून घेत नाही, कारण त्याला ती पडेल याची भीती वाटते. तो चारचौघांत कॉफीचा पेला उचलत नाही. मामा, किती दिवसांपासून थरथरतायत हात?"

"तुझं बारसं व्हायच्या आधीपासून," मामा म्हणाले. मग लक्षात येऊन, "वाणीचं."

रविशंकर उठून उभा राहिला. "काय बोलतेयस तू? मामा स्वतःचंच यंत्र कशाला बुडवतील?"

"कारण ते पास होऊ द्यायचं नव्हतं. बॅटरीशेजारी बोट घालून बघ."

त्याने घातलं. जागाच नव्हती.

"ज्यांनी आम्हाला जागा सोडायला शिकवलं, त्यांच्याच ड्रॉइंगमध्ये जागा नाही. कशी विसरेल कोणी? ते विसरले नाहीत. माऊस थरथरला. ड्रॉइंगमधली कवचाची भिंत धरली गेली आणि सरकली. पडद्यावर केसाएवढी. ते कळलं कधी, तर जोडलेलं यंत्र त्या संध्याकाळी हातात घेतलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी पास झालं असतं तर लगेच साचा कापला असता, आणि वर्षादोन वर्षांनी कुठल्यातरी झोपडीत, बाळाच्या उशाशी, बॅटरी फुगून कवच फोडून..." तिने वाणीला उचलून छातीशी धरलं. "म्हणून गॅस्केट काढलं. यंत्र नापास झालं की ड्रॉइंग सुधारायला वेळ मिळणार होता. त्या झोपड्यांतल्या बाळांसाठी केलंत तुम्ही हे."

"इथे चुकलीस," मामा म्हणाले.

त्यांनी हात मागून पुढे आणले आणि टेबलावर ठेवले. उजवा हात लाकडावर हलके हलके आपटत राहिला. त्यांना तो थांबवता येत नव्हता.

"बाळांसाठी एवढंच पुरे होतं, 'ड्रॉइंग चुकलंय, थांबा' असं म्हणणं. रवीने ऐकलं असतं. पण मग त्याने विचारलं असतं, मामा, तुमच्या हातून? आणि मला हे दाखवावं लागलं असतं." त्यांनी हाताकडे मान हलवली. "गॅस्केट मी ह्या हातासाठी काढलं."

"आणि भुवनावर आळ आला तेव्हा?"

"वाटलं, रवी चिडेल, ओरडेल, सोडून देईल. पोलिसांचं तो आज सकाळी बोलला. तेव्हापासून त्या खोलीत बसलोय. दहादा उठलो दारापर्यंत."

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. बोटांना खिसा पटकन सापडेना. रविशंकर मदतीला पुढे झाला, तर त्यांनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं. शेवटी करड्या रबराची बारीक कडी बाहेर आली आणि टेबलावर पडली.

भुवनेश्वरी भिंतीपासून निघून टेबलाजवळ आली. तिने गॅस्केट उचललं, बोटांतून फिरवत पाहिलं. कुठे फाटलं नव्हतं.

"सार्," ती म्हणाली, "मला नुसतं सांगितलं असतंत, तर मीच काढून दिलं असतं. कुणाला बोलले नसते."

मामांनी तिच्यापुढे हात जोडले. जोडलेले हातही थरथरत राहिले. तिने ते पाहिलं, तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. माफ केलं असं ती म्हणाली नाही.

रविशंकर दारापर्यंत गेला. मग वळून तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "भुवनेश्वरी अम्मा, माझं चुकलं. तुम्ही उद्या या. साहेबांना मी फोन करतो, यंत्र आमच्याकडूनच चुकलं होतं म्हणून." त्याने आजवर तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"उद्या नाही येणार," ती म्हणाली. "परवा बघू."

मामा खुर्चीतून उठले आणि आपल्या टेबलाचा खण उघडू लागले. पेन्सिली, व्हर्नियर, चष्म्याचं घर. एकेक वस्तू टेबलावर ठेवताना आवाज होत होता. जाण्याची तयारी होती ती. कुणीच त्यांना नको म्हटलं नाही, कारण नको म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुप्रजाच्या कडेवरून वाणीने पुन्हा हात पुढे केले.

"मामा, खाली बसा," सुप्रजा म्हणाली. "जमिनीवर. तिथून कोणी पडत नाही."

ते भिंतीला टेकून बसले. तिने वाणीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःचे हात, सवयीप्रमाणे, दोन्ही बाजूंना धरून ठेवले. मामांचा उजवा हात पोरीच्या पोटावर आला आणि थरथरू लागला.

वाणी क्षणभर दचकली. मग तिला तो खेळ वाटला. ती खदखदून हसली, तो हात आपल्या दोन्ही मुठींत धरला आणि थांबल्यासारखा वाटला की पुन्हा हलव म्हणून ओढू लागली.

सुप्रजाने तिच्या बाजूचे आपले हात काढून घेतले आणि खिडकीकडे पाहत राहिली.