मणीच्या कुठल्या बाजूनं?

"पुसला! आजही पुसला!"

ग्याल्बो ओरडला तशी सुनमायाच्या हातातली निळ्या रंगाची वाटी हिंदकळली. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत मास्तरांनी ह्या दोघांना आणि छोट्या रिंजीला एकच काम दिलं होतं: पुराचा भोंगा वाजला की कुठून पळायचं, ते दाखवणारे बाण रंगवायचे. बाकी सगळे बाण जागेवर होते. मणीच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडी भिंतीच्या शेजारचा तेवढा बाण रोज पहाटे धुतला जाई!

"शेळीनं चाटला असेल," लॉजवाल्यांचे अध्यक्ष बीरमानकाका म्हणाले. "पुन्हा रंगवा!"

"शेळी काय पाणी घेऊन येते?" आठ वर्षांचा रिंजी पुटपुटला.

सुनमायाला हसू आलं नाही. परवा जिल्ह्याच्या मॅडम घड्याळ घेऊन येणार होत्या. वरचं हिमतळं फुटलं तर बारा मिनिटांत सारं गाव, डोंगर चढायला आलेल्या पाहुण्यांसकट, वरच्या कुरणात पोचायला हवं. मागच्या सरावात एकोणीस मिनिटं लागली होती. यंदाही तसंच झालं तर पाहुण्यांना इथं मुक्काम बंद! मग आईच्या लॉजच्या सहा खोल्यांत वाराच झोपायला येणार.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं धुपीच्या झुडपाआड दबा धरून बसली. धुकं नदीवरून उठत होतं. त्यातून गुणगुणणं आलं,

*"नदी डावी, मणी उजवी,
मधून माझी वाट गं,
वाट चुकल्या पावलाला
डोंगर देतो हात गं..."*

मागोमाग ओलं फडकं घेऊन आले मेमे! गावातले सगळ्यांत म्हातारे आजोबा!

"मेमे, तुम्ही?" सुनमाया बाहेर उडी मारत म्हणाली.

"मीच! मणी उजव्या हाताला ठेवून जावं, एवढंही शिकवलं नाही का गं तुला आईनं? हा बाण उलट्या बाजूनं जा म्हणतो. पाहुण्यांच्या माथी पाप कशाला?"

"पूर आला की त्याला सांगा मग, पाप लागेल म्हणून!" ग्याल्बो खिदळला.

"थांब रे," सुनमाया हळूच म्हणाली. "मागच्या सरावात तू कुठून पळालास?"

ग्याल्बोचं तोंड उघडंच राहिलं. "नदीकडून... आणि तू?"

"मीपण! आईपण! कुणी विचार केलाच नाही. पावलंच वळली."

तिथंच बसून त्यांनी सकाळभर मोजलं. वर जाणारे एकतीस भारवाहू आणि वाटाडे, एकतीसच्या एकतीस नदीकडून गेले, आणि त्यांच्या मागोमाग पाहुणे! बाण असता तरी तेच झालं असतं. नदीकडची वाट लांब होती, आणि पाणी पहिलं तिथंच येणार होतं.

"भोंगा वाजल्यावर धर्म कोण बघतो!" मुलांनी हे जाऊन सांगितलं तेव्हा बीरमानकाकांनी हात झटकले.

"सगळेच बघतात, काका!" पण काका केव्हाच निघून गेले होते.

"मेमे, मणीपाशी न जाता वर जायला वाट नाही का?" सुनमायानं विचारलं.

"आहे की! बीरमानच्या लॉजमागून शेळ्यांच्या पायऱ्या आहेत. पण त्यावर त्यानं सरपण रचलंय, छपराइतकं!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. थोड्याच वेळात रिंजी काकांसमोर उभा होता, चेहरा दुधासारखा भोळा.

"काका, सगळ्या खोऱ्यात असं सरपण कुणी रचत नाही. आणि तुम्ही ते मागं लपवलंय! दारात असतं तर मॅडमनी फोटो काढला असता."

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. दुपार कलेपर्यंत चार गड्यांनी सारं सरपण दारात आणून रचलं! त्याखालच्या पायऱ्या मुलांनी मेमेंसोबत झाडल्या, सैल दगड पक्के केले आणि लॉजालॉजात जाऊन वाट दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा घुमला. वाटाडे पुढे, पाहुणे मागे, सुनमायाची आई एका थकलेल्या पाहुणीचा हात धरून! मेमे स्वतः पायऱ्या चढले, कुणाचा आधार न घेता.

"नऊ मिनिटं!" मॅडमनी घड्याळ उंचावलं. कुरणात एकच आरोळी उठली! आईनं सुनमायाला घट्ट जवळ घेतलं.

"ही वाट कुणी शोधली, अध्यक्ष?"

काकांनी घसा खाकरला. "ह्या पोरांनी, मॅडम. आणि माझं सरपण माझ्याच गड्यांकडून हलवून घेतलं, हे मला आत्ता कळतंय!"

हसण्याचा पूर ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "वरच्या तीन गावांतही वाटेत मणी आहेत, आणि बाण आम्हीच चुकीचे काढलेत. उद्या माझ्याबरोबर येऊन दाखवाल का?"

सुनमाया उत्तर देणार, तोच मेमे मध्ये पडले.

"येतील. पण आज त्यांना पोटभर जेवू द्या. आणि वाढणार बीरमान!"